पट्टा बघावा खोबळ्यापासून

दांडपट्ट्याचं कौतुक करणारा माणूस बहुधा पात्याचं कौतुक करतो. त्यात त्याची चूक नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रिंगण पडतं, हलगी कडाडायला लागते, एखादी शाळकरी मुलगी दोन्ही हातांत पट्टे चढवून मधोमध उतरते आणि पुढची काही मिनिटं हवेत फक्त पातंच दिसत राहतं. ते सळसळतं, वाकतं, पुन्हा सरळ होतं, जमिनीवर ठेवलेल्या लिंबाचे दोन भाग करून पुढं निघून जातं. डोळा तिथंच राहणार. पण इतकी वर्षं हा खेळ बघून आणि पट्टे हाताळून माझं मत पक्कं झालं आहे की पट्ट्यातली खरी कारागिरी पात्यात नाही, त्याच्या मागच्या खोबळ्यात आहे. खोबळा म्हणजे मुठीपासून कोपराच्या अलीकडपर्यंत हात झाकणारं पत्र्याचं आवरण. पट्टा वाचायचा तर तिथून वाचायला सुरुवात करावी.

याला इतिहासाचाही आधार आहे. जगभरच्या संग्रहांत असलेल्या जुन्या पट्ट्यांपैकी कित्येकांची पाती युरोपातून आलेली आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून अशी पाती मोठ्या संख्येनं उतरत होती, आणि त्यांना फिरंग हे नावच पडलं होतं. पातं विकत मिळायचं. ते हाताला कसं जोडायचं, हे मात्र इथल्या कारागिरानं ठरवलं. कट्यारीची आडवी मूठ त्यानं घेतली, तिच्याभोवती पत्र्याचं आवरण उभारलं, आणि जगात फारसं कुठं न सापडणारं हत्यार तयार झालं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये किंवा लंडनच्या वॉलेस संग्रहात पट्टा ठेवलेला दिसतो तो या जोडणीच्या कल्पनेसाठी. लांब सरळ पाती तर त्यांच्या घरचीच आहेत.

पेठेतल्या एका तालमीतला जुना पट्टा मला निवांत हाताळायला मिळाला, त्यावरच हे लिहितो आहे. त्यावर सोन्याचांदीची कलाकुसर नाही. कुणा सरदाराचं नाव त्याला चिकटलेलं नाही. रोजच्या सरावाचं हत्यार आहे, आणि म्हणूनच रसग्रहणाला फार चांगलं आहे, कारण नक्षी नसली की घडण उघडी पडते.

आधी हाताच्या पाठीवरचा भाग पाहा. मागून पुढं बघत आलं तर खोबळा कोपराकडच्या टोकाला अर्ध्या नळीसारखा आहे, आणि मुठीकडे येता येता त्याचा घुमट होतो. पत्र्याचं काम करणाऱ्याला या एका वाक्यात सगळी अडचण कळेल. नळी करणं तुलनेनं सोपं. पत्रा फर्म्याप्रमाणे कापायचा आणि एका दिशेनं वळवायचा. त्यात पत्रा ताणला जात नाही, तो फक्त वळतो. पुन्हा सपाट केला तर मूळ आकार परत मिळतो. घुमटाचं तसं नाही. घुमट दोन दिशांनी वळलेला असतो, आणि सपाट पत्र्याला दोन दिशांनी नुसतं वळवता येतच नाही. त्यासाठी धातू ताणावा लागतो किंवा आवळावा लागतो. मधला भाग पातळ होतो, कडेला चुण्या पडायला बघतात. कारखान्यात हेच काम डीप ड्रॉइंगच्या प्रेसवर होतं. डाय आणि पंच यांच्यामध्ये पत्रा दाबून खोल ओढतात, आणि चुण्या पडू नयेत म्हणून कडा घट्ट धरून ठेवतात. स्टीलचं पातेलं असंच तयार होतं.

खोबळ्याच्या कारागिराकडे प्रेस नव्हता. लाकडाच्या ठोकळ्यात खोदलेला खड्डा, ऐरण, गोल तोंडाची हातोडी आणि भट्टी, एवढ्यावर त्यानं हा घुमट काढला. ठोकून ठोकून धातू ताठर होतो, मग तो फुटायच्या आत भट्टीत घालून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. किती वेळा तापवायचा आणि कधी थांबायचं हे कानानं कळतं, कारण ताठरलेल्या पत्र्याचा आवाज चढतो. माझ्यासमोरच्या खोबळ्यावर मुठीच्या उंचवट्याजवळ ठोक्यांच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. त्या दाट आणि लहान आहेत, आणि मनगटाकडे येईपर्यंत विरळ होत जातात. तांबट ज्याला मठारणं म्हणतात तेच हे काम. अंगठा फिरवला तर घुमट संपून नळी कुठं सुरू होते ते बोटाला कळत नाही. कडा नाही, सांधा नाही, चूण नाही. या एका संक्रमणासाठी मी या खोबळ्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

आजच्या बऱ्याच स्वस्त पट्ट्यांत हाच भाग चुकवलेला असतो. मुठीवर घुमट काढायच्या ऐवजी पत्र्याच्या तीन-चार सपाट पाकळ्या कापून, दुमडून, त्यांच्या कडा वेल्डिंगनं जोडतात. दुरून काही कळत नाही. पण सपाट पाकळीवर वार बसला की ती आत दबते, आणि दबलेली पाकळी थेट बोटांच्या पेरांवर येते. घुमटावर बसलेला वार निसटतो.

आता जाडीबद्दल. पट्टा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला खोबळा जाड वाटतो. कडेला नीट पाहिलं तर पत्रा फार तर १८ गेजच्या आसपासचा दिसतो, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्या जाडीचा सपाट पत्रा हातभर लांब कापून दोन्ही टोकांना धरला तर गुडघ्यावर सहज वाकतो. तोच पत्रा अर्ध्या नळीत वळवला की वाकायला तयार होत नाही. इथं पत्र्याच्या सगळ्या उद्योगाचं मर्म आहे. सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं आणि ताठरपणा आठपट होतो. पण जाडी तशीच ठेवून त्याला घडी, वळण, नाळ किंवा फुगवटा दिला, तर वजन जवळपास न वाढवता त्याहून कितीतरी अधिक ताठरपणा मिळतो. पत्र्याची ताकद त्याच्या आकारात असते.

हे तत्त्व उद्योगानं पुढं फार लांबवर नेलं. १८२९ साली लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यानं लोखंडी पत्र्याला लाटा पाडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्टानिस्लास सोरेल यानं जस्ताचा थर देऊन लोखंड गंजण्यापासून वाचवण्याचं पेटंट मिळवलं. हे दोन शोध एकत्र आले आणि आपल्याकडच्या गोठ्यापासून गोदामापर्यंतचं नालीदार छप्पर तयार झालं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या फाळक्यांवर उभ्या नाळ्या दाबलेल्या असतात त्या याच कारणासाठी. कंट्रोल पॅनलच्या पेटीच्या दाराला चारी बाजूंनी घडी असते तीही यासाठीच. कोल्हापूर ओतकामासाठी गाजलं, आणि ते रास्तच आहे, पण उद्यमनगरच्या गल्ल्यांतून शिअरिंग आणि बेंडिंगच्या मशिनींचा आवाजही तितकाच ऐकू येतो. तिथला प्रेस ब्रेक चालवणारा माणूस नव्वद अंशांची घडी हवी असेल तर थोडी जास्त वाकवतो, कारण दाब सुटला की पत्रा किंचित मागं येतो. खोबळ्याच्या कारागिरालाही पत्र्याचा हा हट्ट ठाऊक होता. नळी त्यानं हवी त्यापेक्षा थोडी आवळूनच वळवली असणार, म्हणून ती अजून हाताला बरोबर बसते.

खोबळ्याच्या पाठीवरून मधोमध एक बारीक उंचवट्याची रेघ गेली आहे. ती मुठीपासून निघते आणि मागच्या टोकाच्या चार बोटं अलीकडे विरून जाते. शोभेची वाटते. पण वार बसताना खोबळा सगळ्यात जास्त जिथं वाकायला बघतो, ती रेघ बरोबर तेवढ्याच भागात आहे. जिथं गरज संपते तिथं तीही संपते. कारागिरानं हे गणित मांडलं नसेल, मोडलेले पट्टे दुरुस्त करता करता त्याला ते कळलं असेल. माझ्या दृष्टीनं त्यामुळे त्याची किंमत वाढते.

अर्ध्या नळीला एक दुबळेपणा असतो. ती वाकत नाही, पण पिळली जाते. उघडी नळी दोन्ही टोकांना धरून पिळली तर तिच्या कडा एकमेकींपासून सरकतात. बंद नळीत कडाच नसतात, म्हणून ती पिळायला फार जड जाते. खोबळा खालून पूर्ण बंद करता येत नाही, कारण मग त्यात हात घालता येणार नाही. इथं मागच्या टोकाची कडी कामाला येते. हाताभोवती फिरणारी ही लोखंडी पट्टी काही पट्ट्यांत बिजागरीवर हलती असते, माझ्यासमोरच्या पट्ट्यात ती दोन्ही बाजूंना रिव्हेटनं पक्की आहे. एका ठिकाणी का होईना, उघडी नळी तिच्यामुळे बंद होते आणि कडा फाकत नाहीत.

कडीचं दुसरं काम अधिक अवघड आहे. पट्टा धरायचा तो आतल्या आडव्या दांड्याला, पात्याच्या रेषेला काटकोनात. पातं मुठीच्या पुढं दीड-दोन हात लांब, आणि कडी मुठीच्या मागं वीतभर. टोकाशी धक्का बसला की मूठ टेकू होते आणि मागचं टोक उसळी मारतं. अंतरांचं प्रमाण पाहिलं तर टोकावरचा धक्का कडीपाशी तिप्पट-चौपट होऊन पोचतो. तलवारीत हा सगळा भार एकटं मनगट झेलतं. पट्ट्यात तो खोबळा आणि कडी मिळून सगळ्या हातावर पसरवतात.

त्यामुळेच पट्ट्याचा खेळ तलवारीसारखा दिसत नाही. खोबळ्यात हात गेला की मनगट बांधलं जातं. मनगटाच्या झटक्यानं फिरवायची जी तलवारीची करामत, ती इथं बंद. फिरायचं ते कोपरातून, खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी पायांतून. पेठेतल्या तालमींत वस्ताद मुलांना हात शिकवायच्या आधी पवित्रा पक्का करून घेतात, त्याचं हे कारण. उड्या, गिरक्या, बसकण मारून घेतलेले वळसे, दोन्ही हातांत पट्टे घेऊन चौफेर फिरणं, हे सगळं त्या वीतभर पत्र्यानं मनगट अडवल्यामुळे जन्माला आलं. मर्दानी खेळातला नाच म्हणून जे आपण बघतो, त्याची रचना पत्र्यानं केली आहे. पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंच्या हाती लोकपरंपरा पट्टा देते तेव्हा तिच्या नजरेसमोरही हेच चित्र असतं, एका जागी पाय रोवून सर्व बाजूंना फिरणारं अंग.

आता सांध्याकडे येतो. मला स्वतःला पट्ट्यातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते. खोबळ्याच्या पुढच्या टोकातून लोखंडाच्या दोन जिभा निघतात आणि पात्याला दोन्ही अंगांनी कवेत घेतात. या जिभा मुळाशी रुंद आणि जाड, पुढं निमुळत्या आणि पातळ होत गेलेल्या, शेवटी पानाच्या आकाराच्या. पातं, वरची जीभ, खालची जीभ, असे तीन थर आरपार रिव्हेटनं बांधलेले आहेत. रिव्हेट मधल्या रेषेवर आहेत, धारेपासून शक्य तितके दूर. कडेजवळ भोक पडलं असतं तर तिथूनच तडा गेला असता.

जिभा निमुळत्या का? पातं लवचीक आहे, खोबळा ताठर. लवचीक वस्तू ताठर वस्तूतून एकदम बाहेर पडली की सगळा बाक त्या एका रेषेवर येतो, आणि हजार वेळा वाकल्यावर पातं तिथंच तुटतं. निमुळती जीभ हा ताठरपणा हळूहळू कमी करत नेते. पुढं ती इतकी पातळ होते की पात्याबरोबर थोडी वाकतेही. बाक एका रेषेवर न येता चार-पाच बोटांच्या लांबीवर वाटला जातो. हे पट्टा हलवताना डोळ्यांनी बघता येतं. भिंतीला टोक टेकवून हलकेच दाबलं की पातं कमानीसारखं वाकतं, आणि ती कमान जिभांपाशी येऊन अलगद सरळ होते. कुठंही कोन पडत नाही.

आणि रिव्हेट का? पात्याचं पोलाद स्प्रिंगसारखं आहे. त्यात कार्बन जास्त, साधारण शंभरात पाऊण भाग. त्याला तापवून पाणी दिलेलं असतं, मग पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. खोबळ्याचं लोखंड मऊ, कार्बन अगदी थोडा, नाहीतर त्याचा घुमट झालाच नसता. दोन वेगळ्या स्वभावांचे धातू जोडायचे आणि पात्याच्या पाण्याला धक्का लावायचा नाही, तर उष्णता न लावता जोडणं हाच मार्ग. रिव्हेटनं ते साधतं. विमानाचं ॲल्युमिनियमचं अंग आजही लाखो रिव्हेटनी बांधतात, त्यामागच्या कारणांतही उष्णतेनं बिघडणारा धातू हे एक मोठं कारण आहे.

वेल्डिंग लावलं तर काय होतं ते इथंच सांगायला हवं. ज्योतीलगतचं पोलाद लाल होतं. भोवतालचं थंड लोखंड त्याची उष्णता झटकन ओढून घेतं आणि तेवढा भाग कडक, ठिसूळ होऊन बसतो. त्याच्या जरा पलीकडे उष्णता कमी पोचते, तिथं पाणी उतरतं आणि पातं मऊ पडतं. म्हणजे एका बोटाच्या अंतरात ठिसूळ आणि मऊ शेजारी शेजारी, आणि तेही बरोबर पात्याच्या मुळाशी, जिथं बाक सर्वांत जास्त येतो. वेल्डिंगवर घासून पॉलिश केलं की जोड छान दिसतो. खोबळ्याच्या पत्र्याला पत्रा जोडायला वेल्डिंग उत्तम आहे. पात्याला मात्र ते मारक आहे.

नक्षीबद्दल थोडक्यात सांगतो. राजेरजवाड्यांच्या पट्ट्यांत मुठीच्या घुमटाला वाघाचं किंवा सिंहाचं तोंड केलेलं असतं, पातं त्याच्या जबड्यातून बाहेर येतं. काहींवर सोन्याच्या तारेचं कोफ्तगारीचं काम असतं. बघायला मौज वाटते. पण पत्रा ठोकून उठवलेलं वाघाचं तोंड मला आवडतं ते त्याच्या गालांच्या फुगवट्यामुळे घुमट आणखी ताठर होतो म्हणून. शोभा आणि मजबुती एकाच ठोक्यात आलेली असली की ती नक्षी बघण्यासारखी.

कडांकडे लोकांचं लक्ष जात नाही. कापलेल्या पत्र्याची कड धारदार असते आणि दबतेही लवकर. या खोबळ्याची कड बाहेरच्या बाजूला वळवून बसवली आहे, बादलीच्या काठासारखी. त्यामुळे हाताला काचत नाही, आणि काठ दुपटीनं जाड झाल्यामुळे उघडी नळी आणखी ताठ राहते. आतून कापसाची गादी शिवली आहे. घाम तिच्यात मुरतो, मिठाचा अंश पत्र्यावर बसतो आणि गंज आतून धरतो. खंडेनवमीला तालमीत हत्यारं उतरवून घासतात, तेल लावतात, पुजतात. पातं लखलखतं. गादी मात्र सहसा कुणी उचकत नाही, आणि जुने खोबळे कुजतात ते गादीखालूनच. मनगटाच्या आतल्या अंगाला या पट्ट्याचा पत्रा कागदाइतका झिजलेला आहे. बाहेरून तिथं काहीच दिसत नाही.

अजून एक गोष्ट या पत्र्यात आहे जी आजच्या पत्र्यात मिळत नाही. आज पत्रा रोलिंग मिलमधून येतो. सगळीकडे एकाच जाडीचा, गुळगुळीत, गेज सांगितला की मिळतो. रुळांतून निघाल्यामुळे त्याच्या धातूला एक दिशा असते, आणि त्या दिशेला आडवी घडी घातली तर ती चिरत नाही, म्हणून कुशल फॅब्रिकेटर कापायच्या आधी ती दिशा पाहून घेतो. रुळांचा पत्रा हाताशी येण्यापूर्वीच्या कारागिराला पत्रासुद्धा स्वतः करावा लागे. लोखंडाचा गोळा ठोकून ठोकून पसरवायचा. कष्ट अफाट, पण त्यात एक मुभा होती. पेरांवर हवा तर जाड ठेवायचा, पाठीवर पातळ करायचा, काठाला पुन्हा थोडा भरीव. या खोबळ्याला चिमटीत धरत गेलं तर हा चढउतार बोटांना कळतो. पट्टा हातात हलका वाटतो तो यामुळे. जिथं धातू नको तिथं तो ठेवलेलाच नाही. लेसरनं कापलेल्या एकसारख्या पत्र्यातून हे वजन साधायचं तर अवघड आहे, पण मुठीला एक गेज जाड आणि हाताच्या पाठीला एक गेज पातळ असे दोन तुकडे घेऊन जोडले तर बरंच जवळ जाता येतं.

२०२४ साली महाराष्ट्र शासनानं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. त्यानंतर पट्ट्यांची मागणी वाढलेली दिसते. शाळा मागतात, मंडळं मागतात, सत्काराला देण्यासाठी मागतात. सत्काराच्या पट्ट्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो भिंतीवर राहणार आहे. ज्या पट्ट्यात एखाद्या मुलीचा हात जाणार आहे आणि ज्याच्या रिंगणाभोवती माणसं दाटीनं उभी राहणार आहेत, त्याच्याबद्दल बोलतो आहे. तालमीसाठी पट्टे घडवून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: पात्याची चमक बघायच्या आधी पट्टा उलटा करा. मुठीवर एकसंध घुमट आहे का, काठ वळवलेला आहे का, कडी पक्की आहे का ते हातानं तपासा, आणि पात्याच्या मुळाशी वेल्डिंगचा डाग दिसला तर तो पट्टा घेऊ नका, रिव्हेटचा मागा. घरात किंवा तालमीत जुना पट्टा असेल तर येत्या खंडेनवमीला त्याची गादी सोडवून आतला पत्रा एकदा बघा, कोरडा करा, तेल लावा आणि मग नवी गादी शिवा.